सांध्याची आतली बाजू

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी जिल्ह्याबाहेरच्या एका डेअरीत मी बसवलेल्या दुधाच्या पाइपचा एक एल्बो (वळणाचा तुकडा) कापून तिथल्या देखभाल विभागाच्या साहेबांनी माझ्या हातात ठेवला. पाइप दीड इंची होता. सांधा बाहेरून एकसारखा होता आणि बफिंग केल्यावर तर तो शोधूनही सापडू नये असा झाला होता. साहेब एवढेच म्हणाले, "मिस्त्री, आत बोट घालून बघा." बोट आत घातले, तर सांध्याच्या रेषेवर काळी, खडबडीत आणि ठिसूळ कड लागली. दूध तळाला लागले की पातेल्याच्या बुडाशी करपलेली खरवड राहते, अगदी तशी. त्या डेअरीत पाइप रोज नियमाप्रमाणे धुतले जात होते, तरीही नेमक्या त्याच मार्गावरच्या दुधाच्या नमुन्यांत जंतूंची संख्या वाढलेली येत होती. कॉस्टिक सोड्याचे गरम पाणी त्या खरवडीच्या सांदीत पोहोचत नव्हते आणि दुधाचा अंश तिथे टिकून राहत होता. दोष माझ्या सांध्याचा होता. आर्गन, म्हणजे तापलेल्या धातूला हवेपासून झाकणारा वायू, वाचावा म्हणून मी पाइपच्या आतून गॅस सोडलाच नव्हता.

त्या मार्गावरचे सगळे सांधे मी स्वखर्चाने बदलून दिले. तेव्हापासून स्टेनलेस स्टीलच्या फिटिंगकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात आर्गन वेल्डिंग करणारे पुष्कळ हात आहेत आणि त्यांतले कितीतरी माझ्याहून सफाईदार आहेत. पण एमएसच्या (साध्या पोलादाच्या) कामात मुरलेला कारागीर एसएसच्या (स्टेनलेसच्या) पाइपला हात घालतो, तेव्हा त्याचे लक्ष साहजिकच बाहेरच्या सांध्यावर असते. या धातूचे बहुतेक नुकसान आतल्या बाजूला, पाठीमागे आणि सांध्याच्या शेजारी होते, आणि ते पुष्कळदा बिल मिळाल्यावर उघडकीस येते. म्हणून आमच्या वर्कशॉपमध्ये जी काळजी घेतली जाते ती येथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

स्टेनलेस गंजत नाही याचे कारण त्यातला क्रोमियम. पोलादात क्रोमियम किमान साडेदहा टक्के असेल, तर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो आणि तो ओरखडा पडला तरी पुन्हा आपोआप जुळतो. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३०४ या ग्रेडमध्ये क्रोमियम सुमारे १८ टक्के आणि निकेल सुमारे ८ टक्के असते. ३१६ मध्ये त्याबरोबर दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे ते मिठाच्या पाण्यापुढे अधिक टिकते. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमध्ये रंगाईच्या वेळी मीठ वापरले जाते, तिथे ३१६एल मागतात ते याचसाठी. वेल्डिंगच्या उष्णतेत हा संरक्षक थर जळतो, त्याखालचा क्रोमियम ऑक्सिजनने ओढून घेतला जातो आणि मागे उरतो तो क्रोमियम कमी झालेला, सच्छिद्र, काळा पापुद्रा. पुढच्या बाजूला टॉर्चमधला आर्गन वितळलेल्या धातूला झाकतो; पाठीमागे मात्र पाइपभर हवाच असते. त्या हवेची सोय आपण केली नाही, तर खरवड धरणारच.

सोय म्हणजे पर्जिंग. पाइपच्या आतली हवा काढून तिथे आर्गन भरायचा. ऐकायला सोपे आहे, पण निम्मे लोक इथे चुकतात, कारण किती वेळ गॅस सोडायचा याचा ते हिशेब करत नाहीत. चार इंची, शेड्यूल १० एसच्या (शेड्यूल म्हणजे पाइपच्या जाडीचा क्रमांक) पाइपची आतली जागा एका मीटरला सुमारे नऊ लिटर भरते. सहा मीटरची पूर्ण लांबी घेतली तर ५५ लिटर झाले. आतली हवा नीट निघून जाण्यासाठी त्या जागेच्या किमान पाचपट गॅस जावा लागतो, म्हणजे पावणेतीनशे लिटर. मिनिटाला पंधरा लिटर सोडला तरी अठरा मिनिटे थांबावे लागते. एका सांध्यासाठी अठरा मिनिटे थांबायला कोणताही ठेकेदार तयार होत नाही. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना आतून बांध घालायचे. बांधांमधले अंतर अर्धा मीटर ठेवले तर जागा साडेचार लिटर उरते आणि तेच काम दीड मिनिटात होते. म्हणजे ज्या पर्जिंगला महाग म्हणून टाळले जाते, ते बांध घातल्यावर चहाच्या पैशांत होते. मला हा हिशेब त्या डेअरीच्या प्रकरणाआधी कोणी मांडून दाखवला असता, तर बरे झाले असते.

बांधासाठी आम्ही सरळ पाइपमध्ये रबरी चकत्या वापरतो आणि त्यांना दोरी बांधून ठेवतो, म्हणजे काम झाल्यावर त्या ओढून काढता येतात. एल्बोच्या वळणापलीकडे चकती ओढता येत नाही, तिथे पाण्यात विरघळणारा कागद उपयोगी पडतो. हा कागद सांध्यापासून वीतभर तरी लांब लावावा, नाहीतर उष्णतेने करपतो आणि करपलेला कागद मग विरघळत नाही. कुठल्या सांध्यात कागद राहिला आहे ते कागदावर लिहून ग्राहकाला द्यावे आणि लाइन धुतल्याशिवाय चालू करू नये. स्पंजचे बोळे कोंबण्याची पद्धत मी बंद केली आहे. एकदा एक बोळा आत राहिला आणि तो थेट पंपाच्या तोंडाशी जाऊन अडकला होता.

आर्गन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असतो. त्यामुळे उभ्या पाइपमध्ये तो खालून सोडावा आणि हवा वरून बाहेर पडू द्यावी, म्हणजे विहिरीत पाणी भरावे तसा तो खालून चढत जातो. आडव्या पाइपमध्येही शिरण्याचे तोंड खाली आणि निघण्याचे भोक वर असावे. निघायला वाट ठेवलीच पाहिजे. सांध्याची फट टेपने बंद केलेली असते आणि वेल्डिंग जसजसे पुढे सरकते तसतशी ती फटही बुजत जाते. अशा वेळी आतल्या गॅसला वाट नसेल, तर शेवटच्या बोटभर जागेत वितळलेला धातू आतून बाहेर फुंकला जातो आणि भोक पडते. नवा कारागीर अशा वेळी करंट वाढवतो, मग भोक आणखी मोठे होते. खरे तर शेवटचा टप्पा आला की आतला प्रवाह कमी करायचा असतो. सुरुवातीला हवा काढताना पंधरा लिटर, वेल्डिंग करताना पाच-सहा लिटर आणि शेवटी त्याहून थोडा कमी असे आम्ही ठेवतो. आतला ऑक्सिजन मोजण्याचे मीटर मिळते. दुधाच्या आणि औषधांच्या लाइनला ते वापरावेच. ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) खाली आकडा आला की सांध्याची आतली बाजू चांदीसारखी किंवा फार तर फिकट पेंढ्याच्या रंगाची येते. रंग निळा, मग करडा, मग काळा होत गेला, की ऑक्सिजन तितका जास्त होता असे समजावे.

जाड पाइपला रूट पास, म्हणजे सांध्याच्या तळाचा पहिला थर, झाला की लगेच आतला गॅस बंद करण्याची घाई पुष्कळ जण करतात. दुसरा पास देताना रूट पुन्हा लाल होतो आणि आत हवा असेल, तर चांगला झालेला रूट दुसऱ्या पासला काळा पडतो. म्हणून किमान दोन पास होईपर्यंत आतला गॅस चालू ठेवावा. टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरणारे छोटे टाके, मारतानाही तो चालूच हवा, कारण हवेत मारलेला टॅक पुढे सांध्याचाच भाग होतो आणि त्याची खरवड तिथेच कायम राहते. टॅकची दोन्ही टोके ग्राइंडरने उतरती करून घेतली, म्हणजे रूट त्यात नीट मिसळतो.

या गॅसबद्दल एक गोष्ट सगळ्यात आधी लिहायला हवी होती. आर्गनला रंग नाही, वास नाही, आणि तो विषारीही नाही; तो फक्त प्राणवायूची जागा घेतो. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो आणि तो साडेएकोणीसच्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानतात. तो फारच कमी झाला, तर माणसाला गुदमरल्यासारखेही वाटत नाही, थेट शुद्ध हरपते, कारण गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते आणि तो तर श्वासावाटे बाहेर पडतच असतो. आमचा एक हेल्पर एका टाकीच्या तळाशी असलेल्या नोझलचा सांधा पाहायला वाकला होता. टाकीत पर्जिंगचा गॅस झिरपून तळाशी साठला होता. वर उभ्या असलेल्या फिटरने त्याला हाक मारली, "अरे, काय झालं रे?" आणि उत्तर आले नाही, तेव्हा फिटरने आत उडी न मारता दोरीने ओढून त्याला वर घेतले. दोरी कमरेला होती म्हणून ते जमले. तो मुलगा पाच मिनिटांत सावध झाला, पण ती पाच मिनिटे मी विसरू शकलेलो नाही. टाकी, मॅनहोल, खड्डा किंवा मोठ्या व्यासाचा पाइप यांत उतरण्याआधी ऑक्सिजन मोजावा, ब्लोअरने ताजी हवा द्यावी आणि बाहेर एक माणूस कायम उभा ठेवावा. आत कोणी पडलेला दिसला तर त्याच्यामागे उडी मारू नये. अशा प्रसंगी वाचवायला गेलेला दुसरा माणूसही पडतो.

आता सांधा जुळवण्याकडे वळतो. माल हातात आला की आधी ग्रेड पाहावी. कोल्हापुरातल्या कारागिरांची चुंबकावर फार श्रद्धा आहे. चुंबक चिकटला की माल खोटा, असे समजले जाते. हा समज दोन्ही बाजूंनी फसवतो. बाजारात २०२ सारखा मँगनीजचा स्वस्त माल मिळतो आणि तोही चुंबकाला चिकटत नाही. उलट ३०४ चा अस्सल एल्बो थंड अवस्थेत दाबून वळवलेला असेल, तर त्याच्या वळणावर चुंबक थोडा ओढला जातो, कारण दाबाने धातूची अंतर्रचना काही प्रमाणात बदलते. म्हणून एल्बोवर आणि पाइपवर ठोकलेला हीट नंबर (धातूच्या त्या ओतीचा क्रमांक) टेस्ट सर्टिफिकेटशी ताडून पाहावा, आणि शंका असेल तर तुकडा कापून तपासून घ्यावा. आपले गाव फाउंड्र्यांचे असल्याने स्पेक्ट्रोमीटर इथे शोधावा लागत नाही, ही सोय दुसऱ्या पुष्कळ गावच्या फॅब्रिकेटरांना नाही.

पाइप ३०४एल असेल तर फिलर (सांध्यात भरायची तार) ३०८एल, ३१६एल असेल तर ३१६एल, आणि एसएस एमएसला जोडायचे असेल तर ३०९एल, हे आता बहुतेकांना पाठ आहे. 'एल' हे अक्षर मात्र अनेकांना किरकोळ वाटते. 'एल' म्हणजे कार्बन कमी, ०.०३ टक्क्यांपर्यंतच. साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोलाद फार वेळ राहिले, तर त्यातला कार्बन क्रोमियमला धरतो आणि धातूच्या कणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड होऊन बसतो. त्यामुळे सीमेलगतचा क्रोमियम घटतो आणि सांध्याला समांतर, त्यापासून काही मिलिमीटरवर गंजाची रेघ उमटते. सांधा शाबूत आणि शेजारचा पाइप मात्र चिरलेला, असे दृश्य एखाद्या जुन्या रसायनाच्या लाइनवर दिसले, तर बहुधा हेच घडलेले असते. कार्बनच कमी असेल तर हा प्रकार सहसा होत नाही. तरीही उष्णतेचा हात आखडताच ठेवावा. दोन पासांच्या मध्ये सांधा १५० अंशांच्या खाली येऊ द्यावा. हे तापमान इन्फ्रारेड गनने मोजू नये. चकचकीत स्टेनलेसवर ती खरा आकडा दाखवत नाही, बहुधा कमीच दाखवते. टेकवून मोजायचा थर्मामीटर वापरावा.

स्टेनलेस उष्णता वाहून नेण्यात साध्या पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश इतकेच आहे आणि तापल्यावर ते त्याच्या दीडपट प्रसरण पावते. म्हणजे उष्णता सांध्यापाशीच कोंडते, आणि त्या कोंडलेल्या उष्णतेने धातू जास्त फुगून थंड होताना जास्त ओढतो. एका बाजूने सलग वेल्डिंग करत गेले की फ्लँजचा (पाइपच्या टोकाची, बोल्टने जोडायची रुंद कड) चेहरा वाकडा होतो आणि मग गॅस्केट कितीही आवळले तरी गळती थांबत नाही. यासाठी चार टॅक समोरासमोर मारावेत, वेल्डिंग चतकोर चतकोर भागात आणि आळीपाळीने समोरच्या बाजूला करावे, आणि फ्लँजला जाड आंधळा (मध्ये भोक नसलेला) फ्लँज बोल्टने आवळून ठेवावा. सांधा पूर्ण थंड झाल्याशिवाय तो काढू नये. दीड-दोन मिलिमीटरच्या डेअरी पाइपला मी ४० ते ५५ अँपिअरच्या पुढे सहसा जात नाही. अँपिअर कमी ठेवून रेंगाळत बसण्यापेक्षा बेताचा करंट आणि चटचट पुढे सरकणारा हात उष्णता कमी ओततो, हे करून पाहिल्यावर पटते.

फिटिंगच्या जाडीचा घोटाळाही नेहमीचा आहे. चार इंची शेड्यूल १० एसच्या पाइपची जाडी ३.०५ मिलिमीटर आणि शेड्यूल ४० एसच्या एल्बोची ६.०२ मिलिमीटर. बाहेरचा व्यास दोघांचा सारखाच, म्हणून बाहेरून जोड अचूक दिसतो, पण आत चारी बाजूंनी तीन मिलिमीटरची पायरी तयार होते. दुकानदाराकडे १० एसचा एल्बो शिल्लक नसला की तो ४० एसचा देतो आणि "जास्त जाड आहे, चांगलाच आहे" असे सांगतो. तो घ्यायचाच असेल तर आतून घासून उतार काढावा. पायरी तशीच ठेवून जोडू नये. सॉकेट फिटिंगमध्ये, जिच्या खोबणीत पाइपचे टोक शिरते, पाइप तळाशी टेकवून वेल्ड करणे हीसुद्धा चूकच. पाइप तळापासून दीड-पावणेदोन मिलिमीटर मागे ओढून घ्यावा, नाहीतर तापल्यावर पाइपला सरकायला जागा राहत नाही आणि बाहेरच्या वेल्डला चीर पडते. दुधाच्या लाइनला सॉकेट आणि आट्यांची फिटिंग्ज मुळातच वापरू नयेत, कारण त्यांच्या सांदीतले दूध कधीच पूर्ण धुतले जात नाही.

बॉल व्हॉल्व्ह जोडताना तो उघडून आतल्या टेफ्लॉनच्या सीट काढून ठेवाव्यात. टेफ्लॉन २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि त्याहून अधिक तापला की निघणारा धूर छातीत ताप-खोकला धरतो. जुन्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तुकडे उरलेले असतात, तेही खरवडून काढल्याशिवाय टॉर्च पेटवू नये.

एमएस आणि एसएस एकाच छपराखाली करणाऱ्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त नुकसान कशाने होते, असे मला विचारले तर मी ग्राइंडरचे नाव घेईन. एमएसवर चाललेली चकती एसएसवर चालवली, की लोखंडाचे बारीक कण एसएसमध्ये रुततात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. आपल्याकडच्या जुलैच्या पावसात, झडीच्या आठ दिवसांत, त्याच पाइपवर तांबूस ठिपक्यांची रांगोळी उमटते आणि ग्राहकाचा फोन येतो की "तुम्ही आम्हाला खोटा माल दिला". माल खरा असतो, गंजलेले असते ते वरून रुतलेले लोखंड. आमच्याकडे एसएसच्या चकत्या, ब्रश, कानस आणि हातोडी वेगळ्या कपाटात असतात, त्यांना हिरवा रंग दिलेला आहे आणि चकत्या लोह-गंधक-क्लोरीनरहित असे छापलेल्याच घेतो. ब्रश स्टेनलेसच्या तारांचा असतो. पाइप ठेवायच्या घोड्यांवर लाकडी फळी किंवा रबर ठोकलेले आहे. शेजारी एमएसचे ग्राइंडिंग चालू असेल तर मध्ये पडदा लावतो, कारण ठिणग्या वीस-पंचवीस फुटांवर सहज येऊन पडतात.

जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप एसएसला जोडायची मागणी अधूनमधून येते. वितळलेला जस्त एसएसच्या कणांच्या सीमांत घुसतो आणि तिथेच चीर पाडतो. शिवाय जस्ताच्या धुराने माणसाला ताप भरतो. वेल्ड करायची जागा जस्त पूर्ण उतरवल्याशिवाय घेऊ नये. शक्यतो फ्लँज लावून बोल्टनेच जोडावे.

सांध्याची तोंडे पुसायला अ‍ॅसिटोन आणि पांढरे स्वच्छ फडके वापरावे आणि ते पूर्ण उडून जाऊ द्यावे. ग्रीस काढायला काही ठिकाणी क्लोरीनयुक्त द्रव वापरले जातात. त्यांची वाफ आर्कच्या अतिनील किरणांत आली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तो डबा वर्कशॉपमध्ये ठेवूच नये. पावसाळ्यात पाइपच्या आत दव धरलेले असते, गॅसच्या रबरी नळीत दमटपणा मुरलेला असतो. पहिला टॅक मारण्याआधी दोन मिनिटे गॅस नुसता सोडून नळी कोरडी करावी आणि पाइप आतून पुसून घ्यावा. मार्चनंतर मुले उकाड्याने पंखा लावतात. पंख्याची झुळूक टॉर्चचा आर्गन उडवून नेते आणि सांध्यात बारीक छिद्रे येतात. पंखा माणसाच्या पाठीकडून वर फिरवावा, सांध्यावर येऊ देऊ नये.

आर्क नेहमी खाचेतच पेटवावा, पाइपच्या अंगावर कधीही नाही. तो एवढासा डाग पुढे गंजाचे बी होतो. आर्क सोडताना करंट हळूहळू उतरवावा आणि सांधा लालसर असेपर्यंत टॉर्च तिथेच धरून ठेवावी, नाहीतर शेवटच्या खळीत चांदणीसारखी चीर पडते. अर्थिंगचा क्लॅम्प सांध्याजवळ लावावा. चालू कारखान्यात काम करताना हे विशेष जपावे: क्लॅम्प लांब लावला तर करंट पंपाच्या बेअरिंगमधून किंवा वजनकाट्याच्या लोड सेलमधून वाट काढतो, आणि मग ती भरपाई फॅब्रिकेटरच्या बिलातून जाते.

टॉर्चमधल्या टंगस्टनसाठी, ज्याच्या टोकावर आर्क पेटतो, थोरियमचा लाल टोकाचा रॉड आजही दुकानात मिळतो. थोरियम किरणोत्सारी आहे आणि टोक काढताना उडणारी धूळ श्वासात जाते. करड्या टोकाचा सेरियमचा किंवा सोनेरी, निळ्या टोकाचा लँथनमचा रॉड तितकेच चांगले काम देतो. आम्ही लाल रॉड पूर्ण बंद केला आहे.

धुराबद्दल आमच्या धंद्यात फार बेफिकिरी आहे. स्टेनलेसच्या धुरात निकेल आणि सहा संयुजेचा क्रोमियम असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या घटकांच्या गटात टाकले. आर्गनच्या कामात काड्यांच्या वेल्डिंगपेक्षा धूर कमी दिसतो, म्हणून लोक तोंडाला रुमाल बांधून बसतात. रुमाल हा धूर अडवत नाही. सांध्याजवळ तोंड असलेला सक्शन पाइप आणि नाकावर नीट बसणारा फिल्टरचा मास्क, दोन्ही लागतात. चकचकीत पत्र्यावरून आर्क परावर्तित होतो, त्यामुळे मागे उभ्या असलेल्या माणसाच्याही डोळ्यांना आर्क लागतो आणि मान सोलवटते. पडदे लावावेत आणि गळ्याचे बटण लावलेले असावे.

सांधा पूर्ण झाला की त्यावरचा रंग काढायचा असतो आणि इथे आणखी एक धोका आहे. हा रंग उतरवणाऱ्या पिकलिंग पेस्टमध्ये नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीवर पडले तर सुरुवातीला फारसे झोंबत नाही. आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला धरते आणि काही तासांनी वेदना सुरू होते, तोवर उशीर झालेला असतो. लांब रबरी हातमोजे, तोंडावर पूर्ण शील्ड, रबरी एप्रन, भरपूर पाणी आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल, एवढे असल्याशिवाय तो डबा उघडू नये. पेस्ट पडलीच, तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, जेल चोळावे आणि डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा, म्हणजे डॉक्टरांना कोणते आम्ल आहे ते कळते. धुतलेले पाणी चुन्याने उदासीन केल्याशिवाय नाल्यात सोडू नये. आपल्याकडचे नाले शेवटी पंचगंगेला मिळतात आणि तिच्यावर आधीच पुरेसा भार आहे. पेस्टनंतर भरपूर पाण्याने धुऊन पॅसिव्हेशन करावे, म्हणजे क्रोमियमचा संरक्षक थर पुन्हा जमवून घ्यावा. सिट्रिक आम्लाचे द्रावण त्यासाठी पुरते आणि हाताळायलाही सोपे जाते.

शेवटी पाण्याच्या दाबाची चाचणी. डिझाइनच्या दीडपट दाब देतात, ते सगळ्यांना माहीत असते. पाणी कोणते हे मात्र कोणी विचारत नाही. बोअरचे खारे पाणी भरून चाचणी घेतली आणि लाइन महिनाभर तशीच भरलेली ठेवली, तर न वापरलेल्या पाइपलाही भोके पडतात, कारण साचलेल्या पाण्यातला क्लोराइड आणि जंतू मिळून स्टेनलेस कुरतडतात. क्लोराइड ५० पीपीएमच्या आत असलेले पाणी घ्यावे, चाचणी झाल्याच्या दिवशीच ते काढावे, हवा मारून पाइप आतून कोरडा करावा आणि मगच टोकांना टोप्या लावाव्यात.

टोपी लावण्याआधी आमच्याकडचा सर्वांत लहान मुलगा बॅटरी आणि दांडीवरचा छोटा आरसा घेऊन प्रत्येक सांधा आतून पाहतो. त्याला दिसेल तो रंग तो वहीत त्या सांध्याच्या नंबरापुढे लिहितो: चांदी, पेंढा, निळा. निळ्याहून गडद रंग लिहावा लागला, तर तो सांधा कापायचा, मग वेल्डिंग मी केलेले असो वा दुसऱ्या कोणी. गेल्या महिन्यात कागल वसाहतीतल्या एका कामात बहात्तर सांध्यांपैकी दोन कापले. त्यांतला एक माझा होता.